बयाणा एकाचा, रजिस्ट्री दुसऱ्याची

कूलर जरा मंद करा हो, माईकमध्ये नुसता वाराच जातोय. पत्रिकेत विषय फार भारदस्त छापलाय: ‘स्थावर मालमत्ता व्यवहारातील नैतिकता आणि जोखीम’. आपल्या भाषेत, बयाण्यावर सौदा फिरवणे: मालकाला थोडा बयाणा, म्हणजे इसार, द्यायचा आणि विक्रीपत्र व्हायच्या आत तोच सौदा नफ्याने दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. अमेरिकेत याला होलसेलिंग म्हणतात. तिथे इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये असे सौदे वारंवार करणाऱ्याला ब्रोकरचं लायसन सक्तीचं केलं. आपल्याकडे महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, एजंट नोंदणी आहे, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांपुरती. एखाद्याचा सुटा प्लॉट तिच्यात येत नाही. आणि सौदा फिरवणारा आपला गडी तर म्हणतो, मी दलाल नाहीच, मीच खरेदीदार!

आता सौदा बघा. नागपूरजवळ बेस्याला २,००० चौरस फुटांचा प्लॉट, भाव ३,००० रुपये फूट, म्हणजे साठ लाख. हा गडी मालकाला दोन लाख बयाणा देतो, रोख. तीन महिन्यांची मुदत, पाचशेच्या स्टॅम्पवर बयाणापत्र. त्यात माझं अत्यंत नावडतं वाक्य असतं: ‘खरेदीदार किंवा तो सांगेल त्याच्या नावे विक्रीपत्र करून देण्यात येईल.’ हे वाक्य स्टॅम्पपेपरसोबत फुकट मिळतं की काय, कोण जाणे. मालक वाचत नाही. वाचलं तरी त्याला वाटतं, बायकोच्या नावाने घेत असेल.

मग गडी ३,३०० च्या भावाने गिऱ्हाईक शोधतो. सहासष्ट लाख. गिऱ्हाइकाकडून पाच लाख बयाणा घेतो. दोन गेले, पाच आले. उरलेले तीन लाख हिंगण्याच्या दुसऱ्या प्लॉटच्या बयाण्याला लागतात. तिथलं गिऱ्हाईक फिसकटलं की पैसे अडकतात आणि बेस्याचा सौदाही बुडतो. मुदत संपते, मालक दोन लाख जप्त करतो आणि प्लॉट तिसऱ्यालाच विकतो. पाच लाखवाला मालकाच्या दारात जातो. मालक विचारतो, तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. त्याचा कागद गड्याशी आहे, मालकाशी नाही. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की नुसत्या विक्रीकराराने जमिनीत हक्क तयार होत नाही. जे स्वतःकडेच नाही, ते गडी विकत होता.

मालकही सुटत नाही बरं. जागेच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. खिशात दोन लाख, दंडही दोन लाख.

समजा सौदा जमला. विक्रीपत्र कितीचं करणार? सहासष्टचं केलं तर न मिळालेल्या सहा लाखांवर कर भरायची पाळी मालकावर येते. साठचं केलं तर गिऱ्हाइकाचे सहा लाख कागदावरून गायब; उद्या त्याने प्लॉट विकला की खरेदी किंमत साठच धरली जाणार. हा वाद बहुतेक वेळा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, टोकन नंबर लागल्यावर सुरू होतो. मालकाला खरा भाव कळतो तोही तिथेच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे नैतिकता पाच मिनिटांत!

सौदा फिरवणं हा गुन्हा नाही. लपवणं वाईट. मालकाला तीन गोष्टी आधी सांगा: मी पुढे विकणार आहे, पूर्ण रक्कम माझ्याकडे नाही, मधला नफा माझा. मालक पुण्याला राहतो, वारसांना बेस्याचा भाव ठाऊक नाही, अशा ठिकाणी तर सांगाच.

कागद त्रिपक्षीय करा. मालक विक्रेता, गडी मान्यता देणारा, गिऱ्हाईक खरेदीदार. साठ लाख मालकाला, सहा लाख गड्याला, दोन्ही चेकने आणि दोन्ही विक्रीपत्रात लिहून. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस, म्हणजे मालकाचा आगाऊ आयकर, खरेदीदाराने कापायचा. बयाणापत्र नोंदवा, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनमध्ये ते दिसेल आणि मालकाने दुसरीकडे सौदा केला तर त्या दुसऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

गिऱ्हाइकाने मूळ बयाणापत्र मागावं, त्याची मुदत बघावी आणि मालकाला स्वतः भेटावं. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेला, प्लॉट असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, आणि त्याच्या शुल्काची भरलेली डिमांड नोट बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. शेतजमीन असेल तर आणखी जपून: बिगरशेतकऱ्याला ती सहसा परवानगीशिवाय घेता येत नाही, त्यामुळे असा सौदा पुढे फिरणं अवघड, बयाणा मात्र अडकतो. भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेल्या, जमिनीचं... बरं, बरं, थांबतो. ते प्रश्नोत्तरात विचारा.