वय झालं होतं म्हणून काय झालं

(माझे आजोबा, आबाजी, यांच्या तेरवीच्या संध्याकाळी गावातल्या सभामंडपात केलेलं भाषण, लिहून काढताना थोडं नीट केलेलं.)

राम राम मंडळी. प्रार्थना झाली, पंगत बसायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात काकाजींनी मला बोलायला उभं केलं. गेले कितीतरी दिवस घरी माणसं भेटायला येऊन राहिली आणि ओसरीवर बसलं की जवळपास प्रत्येकजण हेच म्हणते, वय झालं होतं ना बाप्पा, पिकलं पान होतं, सोनं झालं म्हाताऱ्याचं. चांगल्या मनानं म्हणतात, मला माहीत आहे. पण मला ते पटत नाही, आणि आज मी तेच सांगायला उभा आहे. उलट माणूस जितका जास्त जगला तितकं त्याच्यासोबत जास्त जाते असं मला वाटते, मग दुःख कमी कसं काय होईल?

आता आबाजींचं नेमकं वय किती ते कोणालाच सांगता येणार नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै आहे, गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची आहे तशीच, गुरुजींनी लावून दिलेली. त्यांना स्वतःला विचारलं की म्हणायचे, "आष्टी-चिमूर झालं तवा मी ढोरं चारत होतो, लाव हिशोब." म्हणजे १९४२ चा ऑगस्ट. १६ तारखेला चिमूरला उठाव झाला तो नागपंचमीचा दिवस होता आणि आबाजींच्या डोक्यात तारीख नाही, नागपंचमीच बसलेली. त्याच महिन्यात तुकडोजी महाराजांना अटक झाली. महाराजांची खंजिरी त्यांनी त्याच्या आधीच कुठल्यातरी जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून ऐकली होती, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. १९६८ ला महाराज गेले, तेव्हापासून दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीला जायचे, आणि पाय थकल्यावर जाणं झालं नाही तर चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, म्हणजे महाराज गेले त्या वेळेला, जिथं असतील तिथं उभे राहायचे, वावरात असले तर वावरात, डोक्यावरचा दुपट्टा हातात घेऊन. आम्ही लहान पोट्टे पण उभे राहायचो, का ते कळायचं नाही, पण हसायची हिंमत नव्हती.

ज्यांची स्वतःची जन्मतारीख पक्की नव्हती त्यांना अर्ध्या गावाचे जन्म पाठ होते. तू झाला तवा नाल्याला पूर होता, तुझी माय बाळंतपणाला बंडीतच अडकली. तुझा बाप झाला तवा विदर्भ मुंबई राज्यात गेला, म्हणजे १९५६. त्याच्या आधी आपण मध्यप्रदेशात होतो हे इथं बसलेल्या किती पोरांना माहीत आहे? आबाजींसाठी ते घरातल्यासारखं होतं, कोणत्या राज्यात कोणता पटवारी होता आणि त्यानं कोणाचा धुरा, म्हणजे बांध, कसा मोजला इथपर्यंत.

पण खरं सांगायचं तर त्यांचं आयुष्य म्हणजे कापूस. लहानपणी देशी पऱ्हाटी, बंडीत भरून दारव्ह्याच्या टेसनावर, तिथून शकुंतला रेल्वेनं मुर्तिजापूर आणि पुढं मुंबई. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चालू होतं, ते बंद झालं तेव्हा आबाजी मुद्दाम टेसनावर जाऊन आले, घरी येऊन जेवले नाहीत. मग संकरित वाण आले, एच-४ वगैरे, मग १९७२ ला सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. आता ती योजना चांगली का वाईट यावर इथं दोन तट पडतील, ते राहू द्या, पण जुन्या माणसांना त्या रांगा आठवत असतील. केंद्रावर बंड्यांची रांग, आज नंबर लागेल उद्या लागेल, बैल सोडून जुवाडी टेकवलेली, बंडीखाली पोतं टाकून झोपायचं, शिदोरी संपली की घरून कोणीतरी सायकलवर भाकरी आणि ठेचा घेऊन जायचा. मोजमाप झालं तरी पैसे हप्त्यानं. लोक वैतागायचे, भांडणं व्हायची. आणि आबाजी त्या रांगेत काय करायचे, तर पुढच्या मागच्या बंडीवाल्याला गाव विचारायचे, सोयरिक कुठली, वावर किती, पोरं किती, रात्रभर गप्पा. माझ्या मोठ्या आत्याचं लग्न त्या रांगेत जमलं. मामाजींचे, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचे, वडील दोन बंड्या मागं होते. मामाजी इथं बसले आहेत, ते मान हलवून राहिले. म्हणजे कापसाला काय भाव मिळाला तो त्या सालचा त्या सालीच गेला, पण त्या रांगेतून आमच्या घरात एक अख्खं खानदान आलं.

आजी गेल्यावर थोडे गप्प झाले. पण थांबले नाहीत. बीटी कापसाचं बियाणं आलं २००२ ला, ते पेरलं. २०१७ ला बोंडअळी आली आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा आबाजी पंच्याऐंशीच्या आसपास असतील. तरी सकाळी सकाळी काठी घेऊन धुऱ्यावर जाऊन बसायचे, बाजूला पाण्याची बादली आणि साबण. वारा तोंडावर असला की पंप खाली ठेवायला लावायचे. सालदारानं हात न धुता तंबाखू काढली तर ओरडायचे, "अबे, तुले पोट्टे हायेत ना लहान?" शेजारच्या वावरातल्या मजुरांनाही तेच, त्यांचा मालक चिडला तरी. दवाखान्यात नेलेल्या दोन पोरांच्या घरी रोज जाऊन बसले. आमच्या वावरात कोणाला काही झालं नाही, आणि मी हे नशीब मानत नाही.

तेरवी मोठी करायची नाही हे त्यांनीच बजावून ठेवलं होतं. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर अध्याय आहे तो त्यांनी माझ्या वडिलांना दोनदा वाचायला लावला. म्हणून आज फक्त वरण, वांग्याची भाजी, रोडगे, कोणी नाराज होऊ नका.

एक शेवटचं काम आहे. आबाजी सांगायचे ते मी दोन वर्षांपासून मोबाईलवर रेकॉर्ड करून वहीत उतरवत होतो, पण नाल्यापलीकडच्या जुन्या पांदणीचं, म्हणजे वावरात जायच्या बंडीवाटेचं, अर्धवट राहिलं. कडुलिंबापासून पांदण नेमकी कुठून वळायची, त्यावर आजही दोन घरांचं भांडण चालू आहे आणि दोघंही त्यांच्याकडेच यायचे विचारायला. तुमच्यातल्या ज्यांनी त्या पांदणीतून बंडी हाकली असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी वावरात या. दोन्ही घरांना मी बोलावलं आहे, टेप पण आणतो.