ड्रोनचा नकाशा देखणा आहे, पण जागेवर बसतो का?

स्वामित्व योजनेतली गावठाण मोजणी तुम्ही पाहिली असेल. आधी हद्दींवर चुना टाकतात, मग ड्रोन फोटो काढतो. सगळ्यांच्या माना वर. नकाशा बिघडतो तो मात्र बहुतेक वेळा खाली, जमिनीवर.

हा बघा ६० सेंटिमीटरचा काळा-पांढरा चौकोन: जमिनीवर मोजलेली जागा फोटोत ओळखायची खूण. फँटम ४ आरटीके हा ड्रोन १०० मीटरवरून उडवला, तर एक पिक्सेल जमिनीवर साधारण २.७ सेंटिमीटरचा पडतो. म्हणजे चौकोन बावीसेक पिक्सेलचा, मधला बिंदू नेमका टिपता येतो. असे किमान पाच लावा: चार कोपऱ्यांत, एक मध्ये. मधला टाळू नका. सगळे फोटो सरळ खाली बघून घेतले की फोटोंतून बनलेलं जमिनीचं मॉडेल मध्येच फुगतं किंवा खचतं, आणि कोपरे जुळल्यामुळे पत्ता लागत नाही.

आता चौकोनाच्या मध्यावर रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राचा दांडा, पातळीचा बुडबुडा मध्यात. स्क्रीनवर ‘फिक्स’, म्हणजे जागा पक्की, असं आल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही. ‘फ्लोट’वर, म्हणजे जागा अजून पक्की नसताना घेतलेलं रीडिंग सेंटिमीटरांच्या कामाचं नसतं. दांडा २ मीटरचा आणि यंत्रात १.८ टाकलंत, तर उंची २० सेंटिमीटरनं गेलीच.

सगळ्यात लबाड चूक बेसची, म्हणजे एका जागी उभं राहून रोव्हरला दुरुस्ती पाठवणाऱ्या यंत्राची. बेसला स्वतःची जागा स्वतःच ठरवू दिलीत, तर अख्खा नकाशा मीटर-दोन मीटर सरकू शकतो. फोटो सुबक जुळतात, शंका येत नाही. म्हणून कोर्स (CORS) या कायमच्या उपग्रह-मोजणी केंद्रांची दुरुस्ती घ्या, नाहीतर बेस ज्ञात बिंदूवरच लावा.

उंचीचं वेगळंच. रोव्हर मोजतो ती एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून. पुणे-मुंबईकडे ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरनं कमी येते. कोकणात गाव पाण्याखाली दिसलं तर यंत्र बिघडलेलं नाही, ही उंची समुद्रसपाटीच्या उंचीत बदलणारं जिऑइड मॉडेल लावायचं राहिलंय. आणि विदर्भवाल्यांनो, यूटीएम या नकाशा-पद्धतीचा झोन (पट्टा) ७८ रेखांशावर बदलतो: अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा ४४ मध्ये.

याशिवाय तीन-चार चौकोन सॉफ्टवेअरला न देता राखून ठेवा. नकाशा तयार झाल्यावर त्यांच्या नकाशातल्या आणि रोव्हरनं मोजलेल्या जागेतला फरक काढा. सॉफ्टवेअरच्या अहवालातल्या आकड्यापेक्षा माझा भरवसा याच फरकावर.

एक गोष्ट मात्र यातल्या कशानंच सुटत नाही. वरून भिंत दिसत नाही, छपराची कड दिसते. वळचण दीड फूट बाहेर असेल, तर नकाशात घर त्या बाजूला दीड फूट वाढतं. अरुंद बोळात समोरासमोरची छपरं भिडलेली असतील, तर बोळच गायब. तिथं टेप काढायची आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायचं.