पत्ता तोच, दुकान दुसरं

मंडळी, आपला इंदूरचा सराफा बाजार आठवा. दिवसा जिथे चांदीचा व्यापारी बसतो, रात्री त्याच बंद दुकानापुढे भुट्ट्याचा कीस मिळतो. दुपारी टिपलेला पत्ता घेऊन रात्री अकराला पैंजण आणायला गेलात, तर पत्त्याची काय चूक?

सी भाषेतला पॉइंटर म्हणजे असा टिपलेला पत्ता. तिथे आत्ता कोण बसलंय, हे तो सांगत नाही. आणि पायथनला जोडायचा एखादा भाग सीमध्ये लिहिला, तर पायथनचं ऑब्जेक्ट त्या सी-कोडच्या हाती येतं ते पॉइंटर म्हणूनच. आपण सगळे वापरतो ते सीपायथन, म्हणजे सीमध्ये लिहिलेलं पायथन, प्रत्येक ऑब्जेक्टची मोजणी ठेवतं: किती जणांनी याला धरलंय. मोजणी शून्यावर आली की ती जागा दुसऱ्याला देता येते. पायथनमध्ये हे आपोआप होतं. सीमध्ये धरताना इन्क्रेफ (मोजणी एकने वाढवणं), सोडताना डेक्रेफ (एकने कमी करणं) आपणच करायचं.

खरी गफलत होते उसन्या रेफरन्समध्ये, म्हणजे मोजणी न वाढवता हाती आलेल्या पत्त्यात. लिस्टमधला घटक काढून देणारं पायलिस्ट-गेटआयटेम हे फंक्शन घटक देतं, मालकी देत नाही. समजा, ० क्रमांकाचा घटक तुम्ही उसना घेतलात आणि मग १ क्रमांकावर नवा आकडा ठेवलात. वरवर पाहता दोघांचा काही संबंध नाही. पण १ वरचं जुनं ऑब्जेक्ट बाहेर पडताना त्याची मोजणी शून्य झाली, तर त्याच्या क्लासमध्ये निरोपाच्या वेळी चालवायची डेल मेथड असेल तर ती चालते. ती पायथनमध्ये लिहिलेली. तिला काहीही करता येतं. तिने त्याच लिस्टमधून ० क्रमांक उडवला आणि तो आणखी कोणी धरलेला नसला, तर तुमच्या हातात उरतो नुसता पत्ता.

माझ्या एका मॉड्यूलमध्ये अशीच चूक होती. प्रोग्रॅम कोसळला नाही, चुकीची उत्तरं देत राहिला, कारण त्या जागेवर दुसरंच धडधाकट ऑब्जेक्ट येऊन बसलं होतं. मी म्हणतो, त्यापेक्षा कोसळलेला परवडला. तेव्हापासून उसनं काही हातात असताना पायथनला दुसरं काम सांगायचं असेल, तर मी आधी इन्क्रेफ करतो. ३.१३ आवृत्तीत आलेलं गेटआयटेमरेफ तर घटक मालकीसकटच देतं. सी++ मध्ये पायबाइंड११ ही लायब्ररी धरण्या-सोडण्याचं काम कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरवर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आणि संपताना आपोआप चालणाऱ्या कोडवर, सोपवते.

सोडतानाही क्रम पाहा. पॉइंटर एखाद्या फील्डमध्ये ठेवला असेल, तर आधी डेक्रेफ आणि मग फील्ड नल (रिकामं), असं लिहू नका. डेक्रेफमुळे चालू झालेला कोड तेच फील्ड वाचू शकतो. पाय-क्लिअर हा तयार मॅक्रो आधी फील्ड नल करतो, मग सोडतो.

लुआ या दुसऱ्या भाषेची रीत मला फार आवडते. सी-कोडला टेबल (लुआची माहिती ठेवायची रचना) जपायचं असेल तर ते रजिस्ट्रीत, म्हणजे लुआने सी-कोडसाठी राखलेल्या जागेत, ठेवायचं. बदल्यात एक पूर्णांक मिळतो, देवळाबाहेर चपला ठेवताना टोकन मिळतं तसा. काम झालं की टोकन परत करायचं. विसरलात तर चपला कोणी नेणार नाही, पण फळीही रिकामी होणार नाही: स्टेट, म्हणजे चालू असलेलं ते लुआ, बंद होईपर्यंत ते टेबल मेमरीत तसंच पडून राहतं.