रिंगा टाकण्याआधी बोअर मोजा

श्रोतेहो, नमस्कार. गाडी हजार किलोमीटरला लिटरभर तेल पिऊ लागली, मागून निळसर धूर यायला लागला, की मिस्त्री सांगतो, "रिंगा गेल्या, टाकून घ्या." रिंगा म्हणजे पिस्टनभोवती बसणाऱ्या धातूच्या कड्या. मिस्त्रीला लगेच एक प्रश्न विचारायचा: बोअर मोजला का? बोअर म्हणजे सिलिंडरचं आतलं गोल भोक, मोजायचा तो त्याचा व्यास. आधी बोअर मोजायचा, मग रिंगा आणायच्या.

धूर रिंगांचाच आहे का, हे आपल्यालाही ओळखता येतं. इंदूरजवळचा सिमरोलचा घाट गिअरमध्ये उतरलात आणि खाली ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट उठला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्या. घाट चढताना, इंजिनावर जोर असताना सतत धूर येत असेल, तर रिंगांवर. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा कमी आला त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे 5 ते 10 मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर गळती रिंगांपाशी आहे. हलला नाही तर व्हॉल्व्ह बघा. कधी कॉम्प्रेशन चोख असतं आणि तरी तेल जळतं. तिथे खालची तेलाची रिंग कार्बनने जाम झालेली असू शकते. इंजिन उघडण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, तोही बघून घ्या. तो तुंबला तरी तेल जळतं, आणि तो अगदी स्वस्तात बदलतो.

आता बोअरकडे येऊ. त्यासाठी अडीचशे वर्षं मागे जायला हवं.

जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाची नवी कल्पना 1765 साली सुचली, 1769 मध्ये पेटंटही मिळालं. पण इंजिन काही धड चालेना. त्याचा सिलिंडर होता कथलाचा, 18 इंच व्यासाचा, आणि तो नीट गोल नव्हता. पिस्टनच्या कडेने वाफ निसटायची. वॅटने फटीत काय काय कोंबून पाहिलं! तेलात भिजवलेल्या चिंध्या, बूच, कागद, जुन्या टोप्या, अगदी घोड्याची लीदसुद्धा. काही टिकेना. जॉन स्मीटन हा त्या काळचा मोठा इंजिनिअर. त्याचं मत पडलं की असं यंत्र पुरेशा अचूकपणे घडवतील अशी हत्यारंही नाहीत आणि कारागीरही नाहीत. स्मीटनने नेमकं दुखणं ओळखलं होतं. खोट सिलिंडरात होती, आणि वॅट औषध पिस्टनला देत होता.

सुटका केली जॉन विल्किन्सनने. हा लोखंडाचा कारखानदार. तोफा पोखरण्याच्या यंत्राचं पेटंट त्याने 1774 साली घेतलं होतं. तोवर सिलिंडर पोखरायचा दांडा एकाच टोकाला धरलेला असे. आत गेला की तो लवायचा आणि भोक वाकडं व्हायचं. विल्किन्सनने दांडा सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. बस, एवढंच! 1775 मध्ये त्याचा सिलिंडर वॅटच्या इंजिनाला बसला आणि इंजिन चालू लागलं. पुढच्या वर्षी वॅटचा भागीदार बोल्टन याने लिहिलं की 50 इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा चूक नाही. 50 इंच, म्हणजे सव्वा मीटरहून मोठं तोंड, आणि चूक एका नाण्याच्या जाडीच्या आत!

आणि आपली रिंग? चिरलेली, स्प्रिंगसारखी दाबून बसणारी धातूची रिंग जॉन रॅम्सबॉटमने आणली 1852 साली. आधी गोल सिलिंडर, मग जवळजवळ पाऊणशे वर्षांनी रिंग. हा क्रम ध्यानात ठेवा. आणि ओघात सांगतो, वॅटचं चित्र पुस्तकात असतं, विल्किन्सनचं नाव मुलांना माहीत नसतं. मुलगा आयटीआयला जाऊन लेथ शिकतो म्हणाला, तर त्याला अडवू नका. पीथमपूरचे कारखाने अशाच हातांवर चालतात.

तर बोअर मोजायचा वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, काटकोनात. सगळ्यात जास्त झीज असते वर, पहिली रिंग जिथवर पोचते तिथे. आता हिशेब ऐका. बोअर वर 0.10 मिलिमीटरने जास्त झिजला, तर परीघ 0.31 मिलिमीटरने वाढतो. खाली रिंगेच्या दोन टोकांमधली फट 0.25 असेल, तर वर तीच 0.56 होते. रिंग कोरी करकरीत असली तरी! म्हणून झीज गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर असेल तर बोअर वाढवून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइझ, म्हणजे तेवढे मोठे, पिस्टन आणि रिंगा घ्याव्या लागतात. पुन्हा सांगतो, आधी बोअर मोजा.

बोअर मर्यादेत असेल तर झिजेमुळे वर उरलेली कड रीमरने, म्हणजे कड कापायच्या हत्याराने, काढून मगच पिस्टन बाहेर ढकला, नाहीतर नवी रिंग त्या कडेवर आपटून तुटते. हलकं होनिंग करून, म्हणजे घासायच्या दगडाने भिंत जरा खरबरीत करून, बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. नुसत्या पेट्रोलने पुसू नका, दगडाची बारीक कचकच आतच राहते. मग तेलाचं पांढरं फडकं फिरवा, ते स्वच्छ निघेपर्यंत. रिंगेची फट बोअरच्या खालच्या भागात फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पट्ट्यांनी, बघा. 75 मिलिमीटर बोअरला ती साधारण 0.30 असते, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. खूण असलेली बाजू वर. दुसरी रिंग उलटी बसली तर ती तेल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते, आणि खर्च करूनही धूर तसाच राहतो. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नका. पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने हळूच ठोकत आत घाला. अडला, तर तिथेच थांबा.

एअर फिल्टरही नवा टाका. इंदूरने 2017 पासून स्वच्छतेत नाव राखलंय, पण रिंगा खाणारी बारीक धूळ हायवेवर भरपूर आहे. आणि धूर दाबायला जाड तेल ओतायची सवय सोडा, बारीक वाटांच्या इंजिनात ते वेळेवर पोचत नाही.

इंजिन सुरू झालं की आयडलवर तासभर उभं ठेवू नका. तेलाचा दाब, पाणी आणि गळती बघून गाडी बायपासवर काढा. मधल्या गिअरमध्ये वेग 40 वरून 70 पर्यंत न्या, पाय सोडा, पुन्हा न्या, असं दहा-बारा वेळा. जोर आला की वायूचा दाब रिंगांना भिंतीवर दाबतो आणि त्या बसतात. सुरुवातीला थोडा धूर येईल, तो जोडणीच्या वेळी लावलेल्या तेलाचा. 500 किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, आणि तोवर दर दोन-तीन दिवसांनी सकाळी, इंजिन गार असताना, डिपस्टिक बघून आकडा वहीत लिहा.