कायोटीला साद घालताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी कायोटीच्या शिकारीविषयी बोलणार आहे, आणि त्यातही साद घालून केलेल्या शिकारीत नवशिक्यांच्या, तसेच पुष्कळदा जुन्याजाणत्यांच्याही हातून ज्या चुका होतात त्यांविषयी. मी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात राहतो. आमच्या गावाच्या पश्चिमेला गुरामेंढरांची विस्तीर्ण कुरणे आहेत आणि तेथील एका वृद्ध मेंढपाळ शेजाऱ्यांनी मला हे काम शिकवले. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊ शोभावा असा प्राणी आहे. त्याचे वजन बहुधा १० ते १५ किलो भरते. कोकरे जन्मण्याच्या दिवसांत मेंढपाळांना त्याचा मोठा उपद्रव होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा यातले काहीही तिकडे कोल्ह्यावर करून पाहू नये, हे आरंभीच सांगून ठेवतो.

जुन्या शिकारीत आपल्याकडे हाका घालीत, म्हणजे डबे बडवून, आरडाओरडा करून जनावराला झाडीतून बाहेर काढीत. येथे नेमके उलटे आहे. शिकाऱ्याने आडोशाला दबा धरून बसायचे आणि सापळ्यात सापडलेल्या सशाच्या किंकाळीसारखा आवाज तोंडातल्या शिट्टीने किंवा यंत्राने काढायचा, म्हणजे भुकेलेला कायोटी आपल्या पायांनी चालत येतो. ऐकायला हे सोपे वाटते, आणि म्हणूनच लोक सगळा पैसा आणि सगळे लक्ष त्या आवाजावर खर्च करतात. माझ्या मते पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच आहे. कायोटी कानाने ऐकून येतो हे खरे, परंतु तो विश्वास ठेवतो तो नाकावर.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी जागा निवडण्याचे काम शेजाऱ्यांनी माझ्यावर सोपवले होते. मी सूर्य पाठीशी घेतला, समोर पाव मैल मोकळे गवत दिसेल अशी टेकडीच्या उतारावरची जागा धरली आणि स्वतःवर खूश झालो. वारा समोरून येऊन माझ्या पाठीमागच्या ज्युनिपरच्या दाट झुडपांत शिरत होता, याचा मी विचारच केला नाही. वीस मिनिटे साद घातली तरी समोर गवताचे पाते हलले नाही. परत निघालो, तेव्हा पाठीमागे अवघ्या चाळीस पावलांवर, रात्री भुरभुरलेल्या बर्फात ताजे ठसे उमटलेले होते. कुत्र्याच्या पंजासारखे पसरट नव्हेत, तर लांबट, आवळलेले, मधल्या दोन नखांची टोके सरळ पुढे वळलेली. ते झुडपांतून वळसा घेऊन आले होते, एका ठिकाणी पुढचे दोन्ही पाय जुळवून थांबले होते, आणि तेथून लांब लांब उड्यांनी आले त्याच वाटेने परत गेले होते. शेजारी ते ठसे न्याहाळत म्हणाले, ''तो आला होता. तुम्ही त्याला दिसला नाहीत, पण वास लागला.''

साद ऐकलेला कायोटी बहुतेक वेळा सरळ येत नाही. आवाजाच्या जागेला वळसा घालून, वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला जाऊन, तो आधी वास घेतो. म्हणून वारा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीकडे जाईल असे बसावे आणि जिकडे वारा जातो ती बाजू मोकळी, नजरेच्या टप्प्यातली असावी. यंत्र वापरत असल्यास ते वारा जिकडून येतो त्या बाजूला चाळीस-पन्नास पावलांवर ठेवावे. मग जनावर यंत्राचा वास घ्यायला वळसा घेते, तेव्हा ते आपल्या समोरून जाते आणि त्याचे लक्षही आपल्यावर नसते. चिमूटभर पीठ हवेत सोडले तरी वाऱ्याची दिशा कळते. ते पाहिल्याशिवाय बसूच नये.

दुसरी चूक साद घालण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. लोक गाडी टेकडीच्या माथ्यावर आणतात, दार धाडकन लावतात, बोलत बोलत उतरतात आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसत चालत जातात. गाडी खोलगट भागात दडवावी, दार हलकेच दाबून लावावे आणि उरलेले अंतर मुकाट्याने चालावे.

आवाजाबद्दल थोडेच सांगतो. सुरुवात हळू आवाजाने करावी, कारण जनावर शंभर पावलांवरही असू शकते आणि एकदम कर्कश किंकाळी ऐकून ते बिचकते. एका जागी १५ ते २० मिनिटे थांबावे. पाच मिनिटांत कंटाळून उठणाऱ्यांना पळत्या कायोटीची पाठ दिसते. ऑक्टोबरात आईबापांपासून नुकती वेगळी झालेली पिल्ले सशाच्या आवाजाला सहज भुलतात, परंतु जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांचा मिलनकाळ असल्याने तेव्हा परक्या कायोटीची कोल्हेकुई अधिक उपयोगी पडते. जोडीने हिंडण्याचे दिवसही तेच, त्यामुळे एक पडला म्हणून लगेच उठू नये. आणि ज्याच्यावर बार चुकला, तो कायोटी ती साद विसरत नाही, म्हणून त्याच जागी, त्याच आवाजाने पुन्हा पुन्हा बसण्यात अर्थ नाही.

आता ज्या चुकीची भरपाई होत नाही, तिच्याकडे वळतो. रायफलची गोळी मैलाच्याही पलीकडे जाऊ शकते, तेव्हा जनावरामागे माती किंवा टेकडी असल्याखेरीज घोड्याला बोट लावू नये. नुसत्या हालचालीवर तर कधीच नव्हे. जमीनमालकाची परवानगी घ्यावी आणि आपल्या राज्याचे नियम दर वर्षी नव्याने वाचावेत, कारण परवाना, रात्रीची शिकार, यंत्राची साद यांबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. आमच्या राज्याने कायोटी मारण्याच्या स्पर्धांवर २०१९ मध्ये बंदी घातली, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो.

आमच्याकडे आणखी एक जोखीम आहे. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाच्या सीमाभागात १९९८ पासून मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडण्यात आले आहेत. १९७३ च्या केंद्रीय कायद्याचे त्यांना संरक्षण आहे. पूर्ण वाढलेला लांडगा वजनाने कायोटीच्या दुप्पट असतो, त्याचे डोके रुंद, मुस्कट जाड आणि कान डोक्याच्या मानाने लहान व गोलसर असतात. परंतु शरद ऋतूतले लांडग्याचे पिल्लू कायोटीएवढेच दिसते, आणि फसगत तेथेच होते.

गेल्या ऑक्टोबरात पहाटेच्या अपुऱ्या उजेडात आमच्या सादेला एक जनावर दुडक्या चालीने आले. मला तो कायोटीच वाटला आणि मी तसे कुजबुजलोही. शेजाऱ्यांनी उत्तर दिले नाही. ते दुर्बीण डोळ्यांना लावून थांबले. उजेड आणखी थोडा वाढला, जनावराने मान वळवली आणि त्याच्या गळ्यातला पट्टा दिसला, लांडग्यांचा माग ठेवण्यासाठी घालतात तो. शेजाऱ्यांनी सावकाश रायफलमधली गोळी काढून खिशात टाकली, मी यंत्र बंद केले, आणि ते जनावर झाडीत दिसेनासे होईपर्यंत आम्ही दोघेही जागचे हललो नाही.