खिशातली हजार गाणी आणि भाड्याची दहा कोटी

मित्रहो, आज मी एका छोट्या तबकडीपासून सुरुवात करणार आहे. २००१ च्या फेब्रुवारीत ॲपलचे हार्डवेअर प्रमुख जॉन रुबिनस्टाइन जपानला गेले होते. तिथं तोशिबाच्या इंजिनियरांनी त्यांना एक नवी हार्ड डिस्क दाखवली. व्यास १.८ इंच, क्षमता ५ जीबी. डिस्क तयार होती, पण ती कशात घालायची हे तोशिबालाच नीट उमगलेलं नव्हतं. रुबिनस्टाइनना उमगलं. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला स्टीव्ह जॉब्सनी क्युपर्टिनोच्या एका लहानशा सभागृहात खिशातून आयपॉड काढून दाखवला. किंमत ३९९ डॉलर. ‘हजार गाणी तुमच्या खिशात’ ही त्याची जाहिरात.

हा ‘हजार’ आकडा आला कुठून, ते बघू. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट होतात. म्हणजे चार मिनिटांचं गाणं सव्वाचार कोटी बाइटचं. त्या हिशेबानं ५ जीबीत मावतील जेमतेम ११८ गाणी. जाहिरातीत काय लिहिणार, ‘११८ गाणी तुमच्या खिशात’? कुणी फिरकलं नसतं. ॲपलनं हिशेब धरला होता १६० किलोबिटच्या एमपी३ चा. त्यात तेच गाणं ४८ लाख बाइटमध्ये बसतं आणि हजाराचा आकडा बरोबर जुळतो. थोडक्यात, आयपॉडचं निम्मं श्रेय जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यायला हवं. त्यांनी वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: कानाला जे ऐकूच येणार नाही, ते साठवायचं कशाला? मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कान गाळतोच, मग तो फाइलमधूनही गाळला तर बिघडलं काय?

तशी आयपॉडच्या आधीही एमपी३ वाजवणारी यंत्रं बाजारात होती. १९९८ सालच्या डायमंड रिओमध्ये ३२ एमबी जागा होती, म्हणजे अर्धा-एक तास गाणी. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं त्याच्यावर दावा ठोकला आणि तो हरली. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याजवळची गाणी आपल्याच खिशातल्या यंत्रात नेणं योग्य आहे, असा कौल न्यायालयानं १९९९ मध्ये दिला. पुढे आयपॉडला जो रस्ता मोकळा मिळाला, तो त्यामुळेच.

आयपॉडची खुबी मात्र निराळी होती. आत फिरणारी डिस्क आहे, हातात धरून माणूस पळतोय, सुई अडकायची नाही का? ॲपलनं ३२ एमबी मेमरी घातली. डिस्क फिरते, पुढची काही गाणी मेमरीत ओतते आणि झोपी जाते. वीसेक मिनिटं तिला कुणी उठवत नाही. त्यामुळे धक्क्याची भीती गेली आणि बॅटरी दहा तास टिकली. दुसरी गोष्ट फायरवायरची, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायच्या वेगवान वायरीची. तेव्हाच्या यूएसबीनं ५ जीबी भरायला कागदोपत्रीसुद्धा तासभर लागला असता; फायरवायरनं दहा मिनिटांच्या आत काम होई आणि त्याच वायरीतून बॅटरीही भरे. लोकांनी कौतुक केलं ते गाणी निवडायच्या चाकाचं. माझ्या मते खरी करामत या दोन न दिसणाऱ्या गोष्टींत होती.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. माझं आजचं सगळं बोलणं तिच्यावरच उभं आहे. कॉम्प्युटरमधली गाणी आयपॉडमध्ये जात. आयपॉडमधली गाणी परत कॉम्प्युटरमध्ये येत नसत. निदान सरळ मार्गानं तरी नाही. डिस्कवर ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असत. खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर छापलेलं असे की, संगीत चोरू नका. इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवू देणाऱ्या नॅपस्टरनं नुकताच धुमाकूळ घातलेला होता, रेकॉर्ड कंपन्या हैराण झालेल्या होत्या, म्हणून ही तजवीज. मला ती तेव्हा पटलीही होती. पण लक्षात घ्या, दार एकाच बाजूनं उघडणारं होतं आणि कडी आपल्या बाजूला नव्हती.

२००३ च्या २८ एप्रिलला आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली, तीही फक्त मॅक वापरणाऱ्यांना. विंडोजवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. गाण्यामागे ॲपलच्या पदरात फार काही पडत नव्हतं, धंदा होता तो आयपॉड विकण्याचा. जॉब्स त्या काळात निक्षून सांगत की लोकांना गाणी विकत हवी असतात, भाड्यानं नको असतात. हे वाक्य जरा बाजूला ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

विकत घेतलेल्या त्या गाण्याला कुलूप होतं. त्याचं नाव फेअरप्ले. सुरुवातीला तीन कॉम्प्युटरवर वाजेल, मग मर्यादा पाच झाली. दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजणार नाही. गंमत अशी की ते गाणं कोऱ्या सीडीवर मात्र उतरवता येत होतं. ती सीडी परत कॉम्प्युटरमध्ये घातली की कुलूप गायब! खिडकी सताड उघडी आणि दाराला भलं मोठं टाळं. फक्त दोनदा गाळलेलं संगीत हाती येई. चहाच्या त्याच पावडरीत पुन्हा पाणी घालण्यातला प्रकार.

फेब्रुवारी २००७ मध्ये जॉब्सनी एक जाहीर पत्र लिहिलं. त्यातला हिशेब मला अजून आवडतो. आजवर विकलेल्या गाण्यांना आजवर विकलेल्या आयपॉडनी भागलं तर एका आयपॉडमागे २२ गाणी येतात. म्हणजे भरलेल्या आयपॉडमधल्या संगीतापैकी तीन टक्क्यांहून कमी संगीताला कुलूप आहे. बाकीचं सगळं उघडंच आहे, कारण सीडीला कुलूप कधी नव्हतंच. मग हा खटाटोप कुणासाठी? कुलूप काढायला ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी सर्वांत आधी तयार झाली. २००९ पर्यंत उरलेल्या मोठ्या कंपन्याही आल्या आणि आयट्यून्सवरच्या गाण्यांची कुलपं निघाली.

कुलूप काय करतं हे कळायला दुसरीकडे बघावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक नावाचं दुकान होतं, ते बंद झालं. २००८ मध्ये कंपनीनं ग्राहकांना कळवलं की किल्ल्या देणारे सर्व्हरही आम्ही बंद करतोय. म्हणजे उद्या तुम्ही नवा कॉम्प्युटर घेतलात तर पैसे मोजून घेतलेली तुमचीच गाणी त्यावर वाजणार नाहीत. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली गेली. त्या गाण्यांची पावती गिऱ्हाइकाकडे होती, किल्ली दुकानदाराकडे. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मला २००९ ते २०१४ हा काळ फार आवडतो. का, विचाराल तर त्या पाचेक वर्षांत विकत घेतलेलं गाणं खरोखर आपलं होतं. कुलूप नाही, दर्जा बरा, कुठल्याही यंत्रावर वाजणारी फाइल. नेमके त्याच काळाच्या अखेरीला लोक गाणी विकत घेणं सोडू लागले. गाणी विकण्याऐवजी भाड्यानं ऐकवणारं स्पॉटिफाय २००८ मध्ये स्वीडनहून निघालं आणि २०११ मध्ये अमेरिकेत पोचलं. ॲपलनं २०१४ मध्ये तीन अब्ज डॉलर मोजून हेडफोन आणि संगीतसेवा चालवणारी बीट्स कंपनी घेतली आणि ३० जून २०१५ ला ॲपल म्युझिक ही भाड्याच्या गाण्यांची सेवा सुरू केली. आज तिथं दहा कोटींहून जास्त गाणी भाड्यानं मिळतात. लोकांना भाड्यानं गाणी नको असतात म्हणणारी कंपनी आता घरमालक झाली.

बीट्स घेतली त्याच वर्षी आणखी एक प्रकार घडला. सप्टेंबरमध्ये यू-टू या बँडचा नवा अल्बम ॲपलनं पन्नास कोटी आयट्यून्स खात्यांत फुकट टाकला. न विचारता. लोक भडकले तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटलं, की फुकट मिळतंय तर तक्रार कसली? पण आपण कामावरून घरी यावं आणि दिवाणखान्यात कुणीतरी नवं कपाट आणून ठेवलेलं असावं, असं ते होतं. कपाट चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही. आपल्या घराची किल्ली त्यांच्याकडे कशी, हा मुद्दा आहे. शेवटी अल्बम काढून टाकण्यासाठी ॲपलला एक वेगळं पान तयार करावं लागलं.

माझाच अनुभव सांगतो. एका सेवेवर, नाव घेत नाही, मी दहा-बारा वर्षं एक यादी जपत आलोय. त्यात मैफलीतलं एक ध्वनिमुद्रण होतं. मध्येच गायक खाकरतो, कुणीतरी हसतं, असं. एक दिवस लावलं तर खाकरणं गायब! नाव तेच, चित्र तेच, आत स्टुडिओतलं गुळगुळीत गाणं. करार संपला असेल, कुणी अदलाबदल केली असेल. मला कुणी कळवलं नाही. कळवायचा प्रश्नही नव्हता, मी भाडेकरू. यादीतली आणखी काही गाणी करडी पडलीत. नाव दिसतं, वाजत नाही. भिंतीवरचा फोटो काढून नेल्यावर मागे चौकोनी डाग राहतो ना, तसं.

भाडं जातं कुठं हेही बघण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं, मी महिनाभर एकाच गायिकेला ऐकलं, तर माझे पैसे तिला मिळाले. तसं सहसा होत नाही. सगळ्यांचे पैसे एका हंड्यात पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा, तितके त्याच्या कंपनीला जातात. तुम्ही ज्याचं नावही ऐकलेलं नाही, त्याच्याकडे तुमचे पैसे जातात. एका ऐकण्यामागे सरासरी एक सेंट, असं ॲपलनं २०२१ मध्ये कलाकारांना पत्रातून सांगितलं होतं. बरं, तो सेंटही कलाकाराच्या हातात पडत नाही. आधी हक्कदार कंपनी, मग करारात असेल ते.

आता यंत्रांकडे वळू. सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ आला आणि त्याचं हेडफोनचं भोक गेलं. त्या भोकाचा पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधला. इतकं म्हातारं, इतकं साधं आणि कुणाच्याही मालकीचं नसलेलं दुसरं काही त्या फोनमध्ये नव्हतं! ते काढण्याला ॲपलचे तेव्हाचे मार्केटिंग प्रमुख फिल शिलर यांनी मंचावरून ‘धैर्य’ म्हटलं आणि त्यांची यथेच्छ टिंगल झाली. डिसेंबरमध्ये ॲपलचे बिनवायरीचे इअरबड, एअरपॉड्स, विक्रीला आले. ते टूथब्रशच्या तुकड्यांसारखे दिसतात म्हणून हसलेले पुष्कळ लोक आज तेच कानात घालून हिंडतात. त्यात मीही आलो.

आणि आता विरोधाभास ऐका. २०२१ मध्ये ॲपल म्युझिकनं जादा पैसे न घेता लॉसलेस संगीत द्यायला सुरुवात केली. म्हणजे काहीही न गाळलेलं. वरची पायरी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. न दाबता मोजलं तर सेकंदाला ९,२१६ किलोबिट. ते फोनपर्यंत येतं. फोनपासून कानापर्यंत ब्लूटूथ आहे, आणि एअरपॉड्सकडे ते जातं एएसी या दाबलेल्या रूपात, साधारण २५६ किलोबिटनं. छत्तिसावा हिस्सा! धरणातून पाइप मोठा आणलाय, नळाला मात्र स्ट्रॉ जोडलाय. ब्लूटूथवर लॉसलेस पोचत नाही हे ॲपल स्वतःच सांगतं. भोक ज्यांनी काढलं, त्यांनीच वायरीशिवाय धड न पोचणारं संगीत जादा पैसे न घेता वाटायला घेतलं.

पण खरं सांगू? डोळे बांधून ऐकवलं तर २५६ च्या एएसीत आणि लॉसलेसमध्ये फरक ओळखणारे फार थोडे निघतील. मी स्वतःवर प्रयोग केलाय आणि निकाल घरी कुणाला सांगितलेला नाही. लॉसलेसचा खरा उपयोग ऐकायला नाही, ठेवायला आहे. मूळ प्रत न गाळलेली असली की उद्या हव्या त्या रूपात बदलता येते. पण सदस्यत्वातून उतरवलेली फाइल ठेवता येतच नाही. सदस्यत्व संपलं की ती मुकी होते. म्हणजे जी चीज ठेवण्यासाठी चांगली, ती ठेवायची परवानगी नसलेल्या ठिकाणी मिळतेय.

या इवल्याशा इअरबडांची आणखी एक गोष्ट मला खुपते. जुना वायरचा हेडफोन वीस वर्षं चालतो. यांच्यात दाण्याएवढी बॅटरी डिंकानं बसवलेली. वस्तू उघडून दुरुस्तीला किती सोपी ते तपासणाऱ्या आयफिक्सिटनं पहिल्या एअरपॉड्सना दहापैकी शून्य गुण दिले होते. माझी एक जोडी, वेगळ्या कंपनीची, तिसऱ्या वर्षी डाव्या कानात वीस मिनिटांत मान टाकू लागली. आवाज ठणठणीत, पडदा उत्तम, बॅटरी संपली म्हणून सगळंच टाकाऊ. उलट बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला मान्यता दिली. सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो. श्रवणयंत्र लावायला लाजणारा माणूस हे मात्र बिनदिक्कत लावतो, ही काही लहान गोष्ट नाही.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवलीय, की मग तुम्ही काय करता? मी भाडंही भरतो आणि विकतही घेतो. नवं काही चाखायचं असेल तर भाड्याच्या घरात फिरतो. जे दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटलं, ते विकत घेऊन फाइल दोन डिस्कवर ठेवतो. आयट्यून्सचं दुकान अजून चालू आहे, फक्त ते कुठल्या कोपऱ्यात आहे हे शोधावं लागतं. शेवटचा आयपॉड टच ॲपलनं मे २०२२ मध्ये बंद केला, पण जुने आयपॉड मेलेले नाहीत. ती फिरणारी डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवणारे हौशी लोक जगभर आहेत.

हा बघा, खिशातच आहे. २००५ सालचा. बॅटरी दोनदा बदलली, डिस्क काढून कार्ड घातलं. ते खाकरणारं ध्वनिमुद्रण शेवटी मला एका जुन्या सीडीवर सापडलं आणि आता ते यात आहे. ज्यांना चाक फिरवून बघायचंय त्यांनी पुढे यावं. हेडफोन मात्र आपापले आणा, वायरवाले.