पुरे म्हणणारा मित्र

मित्रहो, पडद्यावरचा हा फोटो आधी नीट बघून घ्या. शृंगी घुबडाची मादी आहे. नारिंगी डोळे पूर्ण उघडे, डोक्यावरची दोन्ही पिसांची शिंगं ताठ, नजर थेट आपल्यावर रोखलेली. हा फोटो दाखवला की लोक टाळ्या वाजवतात. शाळेतली मुलं तर पुन्हा दाखवा म्हणतात. आज वन्यजीव सप्ताहाच्या निमित्ताने तुम्ही मला बोलावलंत, तेव्हा मी ठरवलं की सुरुवात याच फोटोने करायची. कारण मी काढलेल्या सगळ्या फोटोंत हा मला सर्वांत जास्त सलतो.

आता हा दुसरा. तोच पक्षी, तीच तापीकाठची मातीची दरड, पुढच्या वर्षीचा हिवाळा. मादी कपारीत बसली आहे, अंग फुगवून, डोळे मिटून. अर्धं शरीर बाभळीच्या फांदीमागे गेलंय. फोटो म्हणून यात फारसं काही नाही, असं कुणीही म्हणेल. पण या फोटोत ती झोपली आहे. आम्ही आलो, बसलो, निघालो, यातलं काहीच तिला जाणवलं नाही.

या दोन फोटोंच्या मधे जो माणूस आहे तो तिकडे शेवटच्या रांगेत बसलाय. त्याचं नाव घेतलेलं त्याला आवडत नाही, म्हणून आप्पा एवढंच म्हणतो. चोपडा तालुक्यात त्याची कापूस आणि केळी आहे. त्याच्याकडे कॅमेरा नाही आणि त्याला तो नकोही आहे. त्याच्या गळ्यात एक जुनी दुर्बीण असते. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं घुबडांच्या मागे हिंडतोय, आणि घुबडांबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं तरी त्याच्या शेजारी बसून कळलं आहे.

पहिल्या फोटोची गोष्ट सांगतो. जानेवारी होता. तापीच्या दोन्ही अंगांना पावसाने कापलेल्या घळी आहेत, तुम्हाला माहीत आहेत. शृंगी घुबड तिथे घरटं बांधत नाही, दरडीतल्या एखाद्या कपारीत उघड्या मातीवरच अंडी घालतं. साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत त्यांचा विणीचा हंगाम असतो. आम्हाला मादी अंड्यांवर बसलेली सापडली. मी समोरच्या काठावर पोटावर पडून फोटो काढत होतो. आप्पा माझ्या मागे, जरा उंचावर. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "बस व्हयनं आते." म्हणजे, पुरे झालं आता.

मी थांबलो नाही. मला तिचे डोळे उघडे हवे होते. कॅमेऱ्यातून मला फक्त तिचा चेहरा दिसत होता आणि तो सुंदर दिसत होता. आप्पाला बाकीचं सगळं दिसत होतं: तिचं अंग बारीक झालं होतं, शिंगं वर आली होती, पलीकडच्या बाभळीवर नर चोच वाजवत होता, आणि दोन कावळे घळीच्या वर येऊन बसले होते. मी आणखी चार फोटो घेतले. चौथ्याला ती उठली. तोच हा चौथा फोटो.

तीन अंडी उघडी पडली. आम्ही धावत मागे सरलो, दूर जाऊन दुर्बिणीतून बघत राहिलो. ती परत यायच्या आत कावळ्याने एक अंडं नेलं. आप्पा मला रागाने काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागे बसून तो गप्प होता, आणि घरी उतरताना एवढंच म्हणाला, "तुला दिसलं नाही, मला दिसत होतं. मग मी कशाला येतो?"

त्या प्रश्नातून आमचा नियम निघाला. एकाने कॅमेऱ्यातून बघायचं, दुसऱ्याने नुसत्या डोळ्यांनी. आणि नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याने 'पुरे' म्हटलं की कॅमेरा खाली. वाद घालायचा असेल तर घरी येऊन घालायचा. लांब पल्ल्याची लेन्स माणसाला एका अर्थी आंधळं करते. पक्षी मोठा दिसतो आणि त्याच्याभोवतीचं जग नाहीसं होतं. त्याचा जोडीदार कुठे आहे, वाटेवरून कोण येतंय, कुठला कुत्रा हुंगत चाललाय, हे बघायला दुसरी जोडी डोळे लागतातच. म्हणून मी नवीन मुलांना सांगतो, एकटे जाऊ नका. साप-विंचवाचं कारण आहेच, पण माझं कारण हे आहे.

आता 'पुरे' कधी म्हणायचं, ते कळायला घुबड वाचता यावं लागतं. घुबडाचे मिटलेले डोळे दोन तऱ्हेचे असतात, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. निवांत झोपलेलं घुबड गोल दिसतं, पिसं सैल सोडलेली असतात, शिंगं मागे पडलेली असतात. घाबरलेलं घुबडही डोळे बारीक करतं, पण त्याचं अंग लांबट, ताठ होतं, पिसं अंगाला चिकटतात, शिंगं उभी राहतात. ते वाळलेलं खोड होऊन तुम्हाला चुकवायचा प्रयत्न करत असतं. लोकांना वाटतं, झोपलंय, जाऊ या जवळ. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे डोळे सताड उघडणं, चोच वाजवणं, पंख पसरून स्वतःला मोठं करणं. दिवसा घुबड तुमच्याकडे डोळे वटारून बघत असेल तर तुम्ही आधीच फार जवळ गेला आहात. माझा पहिला फोटो त्या पायरीवरचा आहे.

घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. म्हणून ते मान फिरवतं, एका बाजूला जवळजवळ 270 अंशांपर्यंत. आपण मागून येतोय म्हणजे दिसत नाही, हा समज सोडून द्या. आणि दिसण्यापेक्षाही ऐकणं मोठं आहे. गव्हाणी घुबडाचे दोन कान एका उंचीवर नसतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. आवाज दोन्ही कानांवर जरा वेगवेगळा पडतो, त्यावरून ते मिट्ट अंधारात कडब्याखालचा उंदीर अचूक धरतं. असा कान असलेल्या पक्ष्यासमोर कॅमेऱ्याची खटखट म्हणजे काय, विचार करा. आता बिनआवाजाचे कॅमेरे आलेत, ते फार चांगलं झालं.

फ्लॅश मी वापरत नाही. रात्री शिकार करणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यावर तो झोत मारणं मला पटत नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण बसलेल्या घुबडाइतका स्थिर पक्षी दुसरा नाही. संध्याकाळच्या उजेडात सेकंदाच्या साठाव्या भागाच्या शटरवरही फोटो स्वच्छ येतो, फक्त कॅमेऱ्याला टेकू हवा. आप्पाच्या घरून जुन्या पॅन्टचा एक पाय कापून शिवून दिला, त्यात ज्वारी भरली. बांधावर ठेवली की लेन्स हलत नाही. मोबाइलवर घुबडाचा आवाज लावून त्याला जवळ बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर आला म्हणून ते बिचारं शिकार सोडून भांडायला येतं. पांढरा उंदीर बांधून ठेवणारेही मी पाहिले आहेत. त्याबद्दल जास्त बोलत नाही, मला त्रास होतो.

एकदा पहाटे आम्ही बांधावर बसलो होतो तेव्हा बकऱ्या घेऊन एक म्हातारेबाबा आले. "काय देखी ऱ्हायनात भाऊ?" आप्पा म्हणाला, "घुबड." बाबा दोन पावलं मागे सरले आणि कानाला हात लावला. मग आप्पाने त्यांना दरडीखाली नेलं. घुबड न पचलेली हाडं आणि केस गोळा करून तोंडातून टाकतं, तशा गोळ्या खाली पडल्या होत्या. आप्पाने एक गोळी काडीने फोडली. आत उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. बाबांनी त्या तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिल्या. त्यांच्या शेतात भुईमूग होता. त्या तीन कवट्यांनी जे काम केलं ते माझ्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं.

माझी आजी म्हणायची, घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि घासत बसतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. ही समजूत खरी नाही, पण तिच्यामुळे कित्येक घुबडं दगडांतून वाचली असतील. पिंगळा म्हणजे गावातलं छोटं घुबड, आणि आपल्याकडे पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही पिंगळाच म्हणतात. पक्ष्याची भाषा त्याला कळते, असं मानायचे. म्हणजे आपल्या लोकांच्या मनात घुबडाविषयी भीतीइतकाच मानही होता. आज मात्र लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीच्या तोंडावर त्याला पकडून विकतात, गुप्तधनासाठी, मंत्र-तंत्रासाठी. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, मारणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. तुमच्या गावात कुणी पिंजरा किंवा झाकलेली पिशवी घेऊन फिरताना दिसला तर वनखात्याला कळवा.

आता ज्यासाठी मी एवढा वेळ मागून घेतला त्या पक्ष्याकडे येतो. रानपिंगळा. 1873 साली ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नंतर आपल्या खानदेशात डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले. 1884 नंतर तो कुणालाच दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने. त्यातल्या एकावर 1914, मांडवी, गुजरात अशी चिठ्ठी होती, ती लावणारे मायनरत्झहागन हे ब्रिटिश पक्षी-संग्राहक. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिलं की तो नमुना मुळात डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोधत आले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळच्या उन्हात रानपिंगळा समोर बसलेला होता. 113 वर्षांनी! त्यांनी तिथेच त्याचे फोटो आणि चित्रण केलं, म्हणून जगाने मानलं.

मी फोटोग्राफर आहे, त्यामुळे या गोष्टीकडे मी असा बघतो: एका खोट्या चिठ्ठीने पक्षी हरवला आणि एका खऱ्या फोटोने तो परत मिळाला. फोटो काढणं हे जबाबदारीचं काम आहे, हे मला याच पक्ष्याने शिकवलं. आणि हे आपल्या शहाद्याला घडलं. आपल्या मुलांना हे शाळेत सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

साधा पिंगळा तुम्ही रोज बघता. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर तपकिरी रंग दाट, पोट पांढरं, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. आणि तो दिवसा वावरतो. सकाळी सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसतो, मधूनच शेपटी झटकतो.

आम्ही तीन हिवाळे सातपुड्यात गेलो. दोन हिवाळे फक्त पिंगळे मिळाले. तिसऱ्या वर्षी सकाळी आठच्या सुमाराला आप्पाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो काही बोलला नाही, दुर्बीण मात्र डोळ्यांवरून हलली नाही. वाळलेल्या सालईवर रानपिंगळा बसला होता, आमच्याकडे पाठ करून. कोरी तपकिरी पाठ. मी फोटो घेत होतो आणि मनात म्हणत होतो, वळ, एकदा वळ. शीळ घातली असती तर वळला असता. मी घातली नाही. अकरा फोटो झाले, मग त्याने खाली गवतात झेप घेतली, सरडा घेऊन वर आला आणि दुसऱ्या झाडाच्या ढोलीकडे गेला. आप्पा म्हणाला, "पुरे." ढोली म्हणजे पिल्लं असू शकतात. आम्ही तिथून उठलो. हा बघा तो फोटो. पाठ, आणि चोचीत सरडा घेतलेली ही एक बाजू. यापेक्षा चांगला फोटो माझ्याकडे नाही.

कुठे, हे मला दर वेळी विचारलं जातं. 'सातपुड्यात', एवढंच मी सांगतो. फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यातलं जागेचं टिपणही मी पुसतो. ज्या गावच्या पावरा आदिवासी पोरांनी आम्हाला ती वाट दाखवली त्यांनी विश्वासाने दाखवली. आणि त्या पक्ष्याला पोकळ ढोलीची जुनी झाडं हवीत, ती आधीच कमी होत चालली आहेत. राहिलेल्या झाडाखाली पन्नास कॅमेरे उभे राहावेत असं मला वाटत नाही.

पण बघायचंच असेल तर गावातलं घुबड आहे की. जुन्या वाड्यात, जिनिंगच्या पत्र्याखाली गव्हाणी घुबड आहे, चिंचेच्या ढोलीत पिंगळा आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही दोघं निघणार आहोत, पहाटे पाचला, बसस्टँडसमोरून. चौघांना नेता येईल. स्वेटर आणा, भडक कपडे नकोत. पहिल्या खेपेला कॅमेरा घरी ठेवून यायचं. दुर्बिणी आप्पाकडे आता दोन झाल्या आहेत.